बाप ठरवणारा कायदा

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत, १५७६ साली, इंग्लंडच्या संसदेने गरिबांच्या पोषणाविषयी एक कायदा केला. लग्नाबाहेर जन्मलेले मूल पॅरिशच्या खर्चाने पोसायची वेळ आली, तर दोन न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करावी, त्याचे आईबाप कोण ते ठरवावे, दोघांना शिक्षा करावी आणि मुलासाठी दर आठवड्याला पैसे भरायला लावावेत, असे त्यातले एक कलम सांगत होते. पैसे न भरणाऱ्याला तुरुंग होता. लग्नाशिवाय झालेल्या मुलाचा बाप अंमलदारांनी शोधून काढायचा आणि लेखी हुकमाने त्याच्यावर जबाबदारी टाकायची, ही पद्धत इंग्लंडात या कलमाने सुरू झाली. पुढे तिला ॲफिलिएशन म्हणू लागले आणि ती चारशे वर्षांहून अधिक काळ चालली. आपल्याकडे आज मॅजिस्ट्रेटसमोर मुलाच्या पोटगीचा जो अर्ज येतो, त्याच्या पूर्वजांत हे कलम आहे. म्हणून या पुस्तकाची सुरुवात मी पुण्यामुंबईपासून न करता तिथून केली आहे.

त्या कलमातली अट नीट पाहिली पाहिजे. मूल पॅरिशच्या अंगावर पडत असेल, तरच बापाचा शोध. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या कक्षेतला गाव. तिथल्या गोरगरिबांचा खर्च तिथल्याच घरमालकांवर कर बसवून भागवला जाई. अनाथ मूल वाढले की कर वाढायचा. एखाद्या बाईच्या माहेरची माणसे मूल सांभाळायला तयार असतील, तर बाप कोण याच्याशी दंडाधिकाऱ्यांना कर्तव्य नव्हते. हा कायदा मुलासाठी नव्हताच. गावाच्या तिजोरीसाठी होता. पितृत्वाच्या कायद्याचा इतिहास वाचताना ही गोष्ट जवळ ठेवली, तर पुढच्या अनेक कोड्यांचा उलगडा होतो.

त्याच वेळी इंग्लंडमध्ये दुसरा, याहून जुना कायदा चालू होता. त्याच्या लेखी लग्नाबाहेरचे मूल कोणाचेच नव्हते. त्याला बापाकडून वारसा नाही, आईकडूनही नाही. आईबापांनी नंतर लग्न केले तर मूल औरस मानावे, असे चर्चचा कायदा म्हणे. १२३५ साली मर्टन इथल्या सभेत बिशपांनी तशी मागणी केली, तेव्हा सरदारांनी इंग्लंडचा कायदा बदलायला साफ नकार दिला. तो नकार १९२६ पर्यंत टिकला. जमीनजुमला वाटायच्या वेळी या मुलाला बाप नाही आणि खर्च वसूल करायच्या वेळी मात्र बाप आहे, अशी दोन उत्तरे एकच देश एकाच मुलाबद्दल सातशे वर्षांतला बराच काळ देत राहिला. ती विसंगती कोणाच्या नजरेतून सुटली होती असे नाही. ती सोयीची होती, म्हणून टिकली.

बाप ठरवला कसा जाई, हे पॅरिशच्या दप्तरांत तपशिलाने नोंदलेले आहे. अशी हजारो कागदपत्रे इंग्लंडच्या जिल्हा दप्तरखान्यांत आजही आहेत. गरीब, अविवाहित बाई गरोदर आहे असे कळले, की गरिबांच्या खर्चावर देखरेख करणारे अंमलदार तिला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करत. तिच्याकडून शपथेवर नाव घेतले जाई. तिने नाव सांगितले नाही, तर कधी कधी ते काम सुईणीकडे येई. ऐन कळांमध्ये बाई खोटे बोलणार नाही, या समजुतीने सुईण तिला त्या अवस्थेत बापाचे नाव विचारी आणि पुढे तशी साक्ष देई. १७३३ च्या कायद्याने शपथेला आणखी जोर आला. बाईने शपथेवर नाव घेतले, की त्या माणसाला पकडता येई. जामीन दिला नाही तर कोठडीत ठेवता येई. बरेच पुरुष पॅरिशला एकरकमी पैसे किंवा हमीचे बंधपत्र लिहून देऊन मोकळे होत. ते पैसे मुलाच्या दुधावरच खर्च होतील, याची खात्री कोणी दिली नव्हती.

यातला सर्वांत क्रूर भाग जन्माच्या जागेचा आहे. लग्नाबाहेरचे मूल जिथे जन्मेल, त्या पॅरिशवर त्याचा भार, असा नियम दीर्घकाळ होता. त्यामुळे दिवस भरत आलेल्या बाईला आपल्या शिवेबाहेर घालवून देण्यात गावाचा फायदा होता, आणि गावे तसे करत. पुरुष दुसऱ्या पॅरिशचा असेल तर त्याच्याशी जबरीने लग्न लावून देत, म्हणजे बाई आणि मूल दोन्ही नवऱ्याच्या गावाच्या खात्यावर जात. या सगळ्या खटपटीत एक माणूस तेवढा कोणाच्या विचारात नव्हता, आणि तो अजून जन्माला यायचा होता.

याची भयानक बाजू १६२४ च्या कायद्यात दिसते. अविवाहित आईने मुलाचा मृत्यू लपवला, तर तिनेच ते मारले असे धरून चालायचे. ते मेलेलेच जन्मले होते हे साक्षीदारानिशी सिद्ध करायची जबाबदारी तिची. एकटीने, चोरून बाळंत झालेल्या मुलीने साक्षीदार आणायचा कुठून? हा कायदा १८०३ साली रद्द झाला आणि जन्म लपवण्याचा गुन्हा कमी शिक्षेचा म्हणून वेगळा झाला. तोच पुढे भारतीय दंड संहितेत ३१८ वे कलम होऊन आला. थॉमस कोरम नावाच्या जहाजी व्यापाऱ्याला लंडनच्या रस्त्यांवर टाकून दिलेली अर्भके दिसत, म्हणून त्याने सनद मिळवून १७३९ साली तिथे फाउंडलिंग हॉस्पिटल काढले, ते याच काळात.

१८३४ साली गरिबांविषयीचा कायदा मुळापासून बदलला. जुन्या पद्धतीत बाई कोणाही श्रीमंताचे नाव घेऊन त्याला अडकवते, पैसे मिळतात म्हणून अनीती वाढते, असे चौकशी आयोगाने लिहिले. उपाय असा काढला की मुलाचा भार आईवर टाकायचा. पुरुषाकडे मागणी करायचीच असेल, तर ती पॅरिशच्या अधिकाऱ्यांनी वरच्या कोर्टात करायची आणि आईच्या शब्दाला दुसऱ्या पुराव्याचा आधार हवा. ही तरतूद इतकी अन्यायाची ठरली, की वृत्तपत्रांत, सभांत तिच्याविरुद्ध ओरड झाली. फ्रान्सेस ट्रोलप या लेखिकेने तिच्यावर कादंबरीच लिहिली. १८४४ साली संसदेला माघार घ्यावी लागली.

ते साल या विषयातले खरे वळण आहे, असे माझे मत आहे. त्या वर्षापासून आई स्वतःच्या नावाने अर्ज करू लागली. पॅरिश बाजूला झाली. दावा आई आणि पुरुष यांच्यातला झाला. रक्कम थोडी होती, आठवड्याला जास्तीत जास्त अडीच शिलिंग. १८७२ मध्ये ती पाच शिलिंग झाली. तिच्या साक्षीला महत्त्वाच्या एखाद्या मुद्द्यावर दुसरीकडून पुष्टी हवी, ही अट राहिलीच. मग कोर्टापुढे काय काय येई? त्याने लिहिलेले पत्र, त्याने दिलेले चार पैसे, संध्याकाळी दोघांना एकत्र पाहिलेली शेजारीण. पत्र लिहिता न येणाऱ्या पुरुषाविरुद्धचा अर्ज पत्राअभावी पडायचा. तरीही दारिद्र्याच्या कायद्यातून बाहेर पडून हा प्रश्न पहिल्यांदा एका बाईच्या हक्काचा झाला होता. १९५७ साली हे सारे नियम एका कायद्यात एकत्र आणले गेले आणि १९८७ च्या कौटुंबिक कायदा सुधारणेने ॲफिलिएशनची वेगळी कोर्टपद्धतच बंद केली. त्यानंतर मूल लग्नातले की लग्नाबाहेरचे, यावर तिथे पोटगीचा मार्ग बदलत नाही.

लग्नातल्या मुलाचे काय? तिथे शोधालाच बंदी होती. लग्न ज्याच्याशी झाले तो बाप, हे रोमन कायद्याचे सूत्र युरोपभर पसरलेले होते. इंग्लंडात ते इतके ताणले गेले, की नवरा राज्याच्या चार समुद्रांच्या आत कुठेही असला तरी मूल त्याचेच, मग तो वर्षभर घरी फिरकला नसला तरी. अठराव्या शतकात ही सक्ती सैल झाली. पण नवऱ्याने किंवा बायकोने ‘आमचा संबंध आला नव्हता’ अशी साक्ष देऊन मूल अनौरस ठरवू नये, हा नियम लॉर्ड मॅन्सफील्डने १७७७ मध्ये सांगितला आणि तो १९४९ पर्यंत टिकला. फ्रान्सने तर टोक गाठले. क्रांतीच्या काळात, १७९३ साली, तिथे लग्नाबाहेरच्या मुलांना वारसा दिला गेला होता. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेने तो मागे घेऊन बापाचा शोध घेण्यालाच मनाई केली. अब्रूदार कुटुंबांची शांतता त्यातून राखली गेली, आणि तिची किंमत एकट्या बायांनी भरली. ती मनाई उठायला १९१२ उजाडले. तीनच वर्षांनी, १९१५ मध्ये, योहान कास्टबर्ग यांच्या प्रयत्नाने नॉर्वेने अशा मुलांना बापाचे नाव आणि वारसा दोन्ही दिले. युरोपात हे धाडस त्या वेळी फार थोड्यांनी केले.

आता आपल्याकडे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत: औरस, क्षेत्रज, दत्तक वगैरे. त्यात घरात गुपचूप जन्मलेला गूढोत्पन्न आहे, अविवाहित मुलीचा कानीन आहे, गरोदर वधूबरोबर आलेला सहोढ आहे. बीज ज्याचे त्याचा मुलगा की क्षेत्र ज्याचे त्याचा, हा वाद तिथे उघडपणे मांडलेला आहे. या यादीवरून प्राचीन समाज उदार होता असे कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. पिंड द्यायला आणि वतन चालवायला पुत्र हवा, या गरजेतून हे प्रकार आले, आणि मुलींचा त्यात विचार नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. कोणाचाच नसलेला मुलगा, ही कल्पना इथे सहसा नव्हती. मुलाला कुठेतरी बसवायचेच, ही धडपड होती. छांदोग्य उपनिषदात जाबाला आपल्या मुलाला सांगते की तुझे गोत्र मला ठाऊक नाही, तू माझ्या नावाने स्वतःची ओळख दे. आणि हारिद्रुमत गौतम त्याला शिष्य करून घेतात. आईच्या नावावर दाखला मिळाल्याची इतकी जुनी गोष्ट आपल्या परंपरेत आहे.

शूद्राच्या दासीपुत्राला बापाच्या मिळकतीत हिस्सा असतो, हे याज्ञवल्क्य स्मृतीत आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातल्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत त्याचा विस्तार केला. पेशवाईत कुणबिणींची मुले, लेकावळे, वाड्यावाड्यांतून वाढत होती. एकोणिसाव्या शतकात मुंबई हायकोर्टापुढे अशा मुलांच्या हिश्शाचे दावे आले, तेव्हा कोर्टाने हाच आधार घेतला. पुढची गोष्ट वाचकाला चकित करील. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने सर्व जातींना एक नियम लावला, आणि तो लावताना विवाहबाह्य मुलाचे नाते आईपुरतेच धरले. शूद्राच्या दासीपुत्राला जो तुटपुंजा का होईना हिस्सा होता, तोही गेला. त्याच वर्षीच्या दत्तक व निर्वाह कायद्याने पोटगीचा हक्क तेवढा ठेवला. सुधारणेच्या कायद्यात हे घडले, याचे वाईट वाटते.

इंग्रजी कायद्याची गाठ आपल्याशी पडली ती १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत. ऐपत असून बायकोला किंवा औरस-अनौरस मुलाला न पोसणाऱ्या माणसाला मॅजिस्ट्रेटने दरमहा ५० रुपयांपर्यंत पोटगी द्यायला लावावी, असे त्यात होते. पुढे १८९८ च्या संहितेचे ४८८ वे कलम, मग १९७३ च्या संहितेचे गाजलेले १२५ वे, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम, अशी त्याची वंशावळ आहे. १८७२ च्या संहितेचा कर्ता जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या तरतुदीकडे भटकेपणा आणि त्याचे परिणाम रोखण्याचे साधन म्हणूनच पाहत होता. एलिझाबेथच्या पॅरिशची भाषाच ती. मात्र भारतात पॅरिश नव्हती, म्हणून अर्जाचा हक्क थेट आईमुलाला मिळाला आणि तो सर्व धर्मांना सारखा लागू झाला. हेतू कोता होता; फळ हेतूहून चांगले निघाले.

त्याच स्टीफनने त्याच वर्षी पुरावा कायदा लिहिला. त्याचे ११२ वे कलम सांगते: लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यापासून २८० दिवसांत आई अविवाहित असताना मूल जन्मले, तर ते त्या नवऱ्याचेच, आणि हा पुरावा निर्णायक, गर्भधारणेच्या काळात दोघांना भेटायची संधीच नव्हती, एवढे सिद्ध झाले तरच तो मोडेल. २०२४ च्या जुलैपासून हेच शब्द थोड्या फरकाने साक्ष अधिनियमाच्या ११६ व्या कलमात आहेत.

गोव्याची वाट निराळी. तिथे पोर्तुगीजांची १८६७ ची नागरी संहिता आली. बापाने मूल आपले म्हणून कबूल करण्याची रीतसर सोय तिच्यात होती, आणि त्याने कबूल केले नाही तर पितृत्वाचा दावा काही मोजक्या प्रसंगांतच लावता येई. १९१० साली प्रजासत्ताक आल्यावर २५ डिसेंबरच्या हुकमाने मुलांच्या संरक्षणाचे नियम सुधारले. एकाच किनाऱ्यावर सावंतवाडीच्या आईला एक कायदा आणि पेडण्याच्या आईला दुसरा, हे कित्येक दशके चालले.

कायद्याच्या या पुस्तकात जोतीराव आणि सावित्रीबाई कशाला, असे कोणी विचारील. पुण्यात फुले दांपत्याने १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ते या कायद्यांच्या अपयशामुळेच. विधवेला पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली मिळाला होता आणि अनौरस मुलाच्या पोटगीचा कायदा १८६१ साली. पण नाव उघड करून मॅजिस्ट्रेटकडे जाईल अशी विधवा कुठून येणार? तिला गुपचूप बाळंत होण्याची जागा हवी होती. ती फुल्यांनी दिली. काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतला. पंढरपुरात १८७५ पासून प्रार्थना समाजाच्या लोकांनी तसेच काम चालवले. १८८१ मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. वृत्तपत्रांतून बायकांच्या नीतीवर झोड उठली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून पुरुषाचा जाब मागितला. कोर्टाने जो प्रश्न विचारायला हवा होता, तो एका मराठी बाईने पुस्तकात विचारला. शंभर वर्षांनी शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त, म्हणजे १९८४ मध्ये, बापाने न स्वीकारलेला मुलगा स्वतः बोलू लागला. कायद्याच्या विद्यार्थ्याने ही दोन्ही पुस्तके वाचल्याशिवाय पोटगीच्या कलमाला हात घालू नये, असे मला वाटते.

राहिले विज्ञान. रक्तगटांच्या चाचणीने एखादा माणूस बाप नाही, एवढे सांगता येऊ लागले. तोच बाप आहे, हे त्यातून निघत नव्हते. आणि नकारही कोर्ट ऐकेलच असे नव्हते. १९४५ साली कॅलिफोर्नियात चार्ली चॅप्लिन बाप असणे शक्य नाही असे रक्तगट सांगत असूनही ज्यूरीने त्यांना बाप ठरवले. १९८४ मध्ये लेस्टर विद्यापीठात ॲलेक जेफ्रीज यांना डीएनएच्या ठशाची युक्ती सापडली आणि हजारो वर्षांची अनिश्चितता संपली. सुईणीची साक्ष, शेजारणीची साक्ष, पत्र, शपथ, सगळे एका थेंबापुढे निकामी झाले.

प्रश्न मात्र संपला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले की रक्तचाचणीचा हुकूम सरसकट देता येणार नाही. २०१२ मध्ये माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांचे पितृत्व डीएनएने सिद्ध झाले. तिथे दावा मुलानेच लावला होता. २०१४ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात न्यायालयाने शास्त्रीय सत्याला गृहीतकाच्या वर ठेवले आणि नवऱ्याला मुलीच्या पोटगीतून सोडवले. २०२३ मध्ये पुण्याहून गेलेल्या प्रकरणात त्याच न्यायालयाने, नवरा-बायकोच्या भांडणात मुलाच्या जन्मावर शंका घेऊन त्याची चाचणी करू नये, असे बजावले. २०२५ च्या जानेवारीत केरळच्या प्रकरणात लग्नातल्या मुलाचे पितृत्व औरसपणानेच ठरते, असा निवाडा झाला. हे निकाल परस्परांना काटतात असे वरवर दिसते. मला त्यांत एकच ओढाताण दिसते: रक्ताचे सत्य कोणाच्या हातात द्यायचे? नवऱ्याला ते बायकोविरुद्धचे हत्यार म्हणून हवे असते आणि मुलाला ते स्वतःच्या ओळखीसाठी. दोघांची मागणी एका तराजूत तोलणे चूक आहे. मुलगा सज्ञान होऊन मागत असेल तर दार उघडावे, आणि मुलाच्या पाठीमागे कोणी त्याच्या रक्ताची मागणी करत असेल तर ते बंदच ठेवावे, या मताला मी आलो आहे. २०१४ चा निकाल त्यामुळेच मला पटत नाही. त्यात नवऱ्याला न्याय मिळाला आणि मुलीला बाप उरला नाही.

हे पुस्तक लिहिताना मी तीन प्रश्न वेगळे ठेवले आहेत: मुलाला कोणी पोसायचे, वारसा कोणाचा, आणि नाव कोणाचे. कायद्याने त्यांची गल्लत केली, तिथे तिथे मुलाचे नुकसान झाले. पहिल्याचे उत्तर ज्याने जन्म दिला त्याच्याकडून, लग्न असो वा नसो, वसूल झालेच पाहिजे. दुसऱ्यात १९५६ ची चूक संसदेने दुरुस्त करायला हवी. तिसऱ्यात बापाची गरजच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अविवाहित आईला बापाचे नाव न सांगता पालक होता येते असे म्हटले, आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने घेतला आहे.

वकिलांनी आणि न्यायाधीशांनी हे पुस्तक वाचावे अशी इच्छा आहेच. पण माझी विनंती त्यांच्याआधी ग्रामसेवकांना, मुख्याध्यापकांना आणि जन्मनोंदणीच्या खिडकीत बसणाऱ्या कारकुनांना आहे. वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा ठेवून आई अर्ज पुढे करील, तेव्हा तिला कारण विचारू नका. अर्ज घ्या, नोंद करा आणि मुलाला दाखला द्या.